शेहेचाळीस अंशांवर

एप्रिलमध्ये बर्फ वितळतो तेव्हा
ओउलूच्या गटारांतून अर्धी नदीच येते आत,
पातळ, राखाडी, पाच अंशांची,
आणि आमच्या टाक्यांतला अमोनिया
तीनावरून सातावर, सातावरून चौदावर जातो.

शहर आपलं जेवतं, न्हातं, खटका दाबतं.
निस्तरायचं कोणी
हा प्रश्न कुणाच्या घरी पडत नाही.

निस्तरणारे इथे राहतात,
मोहरीहून बारीक गाळाच्या कणांत,
कुणाच्या घाईला न जुमानता.
इतर जंतू चहा उकळेपर्यंत दोनाचे चार होतात;
यांना दिवस लागतो, थंडीत आठवडासुद्धा.
एक जात अमोनिया खाते, नायट्राइट टाकते.
दुसरी ते उष्टं खाते, नायट्रेट टाकते.
उष्ट्यावर इतका नेटका चाललेला संसार
मी आणखी कुठे पाहिलेला नाही.

हान्नु-पेक्का, आमचा व्यवस्थापक, म्हणाला,
मेले असतील. केमीहून टँकरभर गाळ मागवू.
रात्रपाळीचा वेइयो टाकीच्या कठड्याशी उभा होता.
एकतीस वर्षं तो यांना हवा फुंकतो आहे.
त्याने वास घेतला.
"मेल्याचा वास वेगळा," म्हणाला,
आणि पुढे एक नाही, दोन नाही.

वास अहवालात लिहिता येत नाही.
म्हणून मी गाळातून डीएनए काढला,
यंत्राने रात्रभर त्याच्या प्रती केल्या
आणि सकाळी आकडा आला: भरपूर आहेत.
पण डीएनए मेलेल्यांचाही सापडतो,
भाडेकरू गेल्यावर
दारावर पाटी राहते तसा.

आत कोण आहे हे विचारायचं
तर रायबोसोमला विचारावं,
ते कामावरच्या पेशीत दाटीने असतात.
त्यासाठी अठरा अक्षरांचा तुकडा,
शेपटीला नारिंगी रंग बांधलेला.
जोडीची अक्षरं भेटली तरच बिलगतो,
नाहीतर धुताना वाहून जातो.
त्याआधी मात्र नमुना फॉर्मालिनमध्ये.
म्हणजे जिवंत आहेत का हे पाहायला
आधी मारायचं.
हे मी पाहुण्यांना सांगत नाही.
मग शेहेचाळीस अंशांवर दोन तास:
जन्मात मिळाली नसेल एवढी ऊब
त्यांना मेल्यावर मिळते.

रात्री पावणेदोन. खोलीतले दिवे बंद.
भिंगाखाली काळोख,
फोकस थोडा पुढे, तरी काळोख,
अर्धा वळसा मागे,
आणि तिथे.

मी वेइयोला बोलावलं.
त्याने टोपी उलटी फिरवली, डोळा लावला
आणि इतका वेळ हलला नाही
की मला वाटलं झोपला.
"हिल्ला," तो म्हणाला.

हिल्ला आमच्या दलदलीतलं फळ,
नारिंगी, दाण्याला दाणा चिकटलेलं,
ऑगस्टात दहाएक दिवस मिळतं.
वेइयो दोन बादल्या भरून आणतो.
कुठून, ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही.

"कमी आहेत," मी म्हटलं, "पण उजळ आहेत."
"मग त्यांना घराबाहेर कशाला काढतेस?"
आणि खाली जाऊन त्याने
जादा गाळाचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केला.

चौदा. चौदा. साडेचौदा.
हान्नु-पेक्काच्या टेबलावर
टँकरवाल्याचा नंबर, त्यावर कॉफीचा डाग.
मी झोपेतही आकडे वाचत होते.
बाराव्या दिवशी तेरा पूर्णांक एक.
मोजण्यातली चूकही असेल, मी म्हटलं.
असेल, वेइयो म्हणाला,
आणि वर्षात पहिल्यांदा शीळ घालत जिना उतरला.

पाठोपाठ जाऊन मी विचारलंच,
तुझी ती दलदल कुठे आहे रे?
त्याने टोपी सरळ केली.
"पुढचा नमुना सहाला," म्हणाला.